सात जनावरांची माळ

उद्या दुपारपर्यंत माझा मुलगा कुलदीप माणूस मारेल, ही भीती संध्याकाळपासून माझ्या छातीवरून उठत नाही. दोनदा गॅस बंद आहे का बघितला, दोनदा दाराला हात लावून आले. आता रात्रीचे दीड वाजलेत आणि मी त्याच्याच जुन्या डिप्लोमाच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.

तो तिसऱ्या शिफ्टला गेला. तो निघायच्या आधी डबा भरून सॅकमध्ये ठेवायला गेले, तर तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. फडकं उघडलं. वीतभर लांब, दोन बोटं रुंद पोलादी पट्टी. एका बाजूला धार. मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. गेले चार दिवस तो बाल्कनीत दगडावर पाणी शिंपडून काय घासत बसला होता ते मला कळलं.

"हे काय रे?"

"कंपनीचं आहे." त्यानं ते माझ्या हातातून घेतलं, फडकं पुन्हा नीट गुंडाळलं.

"कंपनीचं आहे तर घरी कशाला?"

"धार राहिली होती." मग बूट घालता घालता म्हणाला, "उद्या दिघीत अपेक्षाचं डोहाळजेवण आहे ना? सुटलो की तसाच जाऊन येतो."

"तुला कुणी बोलावलंय?"

"घरच्या माणसाला बोलावणं लागतं का?"

कुलदीप हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला. त्याच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते. रविवार मोकळा मिळावा म्हणून त्यानं आठवड्यापूर्वीच कुणाशी तरी पाळी बदलून घेतली होती. म्हणजे हे आजचं नाही.

अपेक्षा ही रणजितची बायको. रणजित माझ्या थोरल्या दिरांचा, आबाजींचा मुलगा, कुलदीपचा चुलत भाऊ. आठ महिन्यांपूर्वी रणजितच्या लग्नात कुलदीपनं त्याचा जबडा मोडला आणि रणजितच्या मित्रांनी कुलदीपच्या तीन बरगड्या. भांडण झालं ते सात सोन्याच्या नाण्यांवरून. ती रणजितच्या घरानं चोरली असं कुलदीप मानतो. ती चोरली नव्हती. मी दिली होती. हे मी त्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

पोलिसांच्या कागदावर माझा मुलगा दोन ओळींत संपतो. वय एकोणतीस, धंदा नोकरी, आरोपी क्रमांक एक. तेवढाच तो नाही, म्हणून बाकीचा इथे लिहिते.

दिघीच्या घरात तो जन्मला तेव्हा आमची जमीन जाऊन पैसा आला होता आणि पुरुषांच्या हातांना काही काम उरलं नव्हतं. संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसायचे. कुलदीप सहा-सात वर्षांचा, रणजित त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. दोघांना समोरासमोर उभं करायचे आणि सांगायचे, लावा. कुस्ती नव्हे. कुस्तीला नियम असतात. हे नुसतं मारणं. जो आधी रडेल तो हरला. कुलदीप रोज हरायचा. रणजित त्याच्या छातीवर बसून त्याच्या तोंडात माती कोंबायचा, आणि खुर्चीतून कुणीतरी म्हणायचं, "अरे, अजून थोडी, पोटभर जेवू दे त्याला."

हरलेल्या मुलाला घरात आणल्यावर त्याचे वडील पुन्हा मारायचे, हरल्याबद्दल. मी मधे पडले की मला. माझ्या नवऱ्याचा हात उठायच्या आधी त्यांचे डोळे बदलायचे. पापणी हलायची थांबायची. त्या घरात बी.ए. झालेली मी एकटी होते. पुस्तकातलं काहीही मला त्या वेळी उपयोगी पडलं नाही. फक्त डोळे ओळखायला शिकले.

एकदा कुलदीपनं वीट उचलली आणि रणजितच्या कपाळावर घातली. चार टाके पडले. त्या दिवशी त्याच्या वडिलांनी चौकातून अर्धा किलो पेढे आणले. कुलदीपनं पेढा खाल्ला नाही. मोरीत जाऊन ओकला.

तो पंधरा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. एका प्लॉटच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी वाद होता. मोजणी चालली होती. टेपचं एक टोक कुलदीपच्या हातात होतं, दुसरं वडिलांच्या. बोलता बोलता त्या माणसानं गज उचलला आणि कानामागे घातला. एकच फटका. कुलदीप मला नंतर म्हणाला, टेप एकदम सैल झाली. केस उभी राहिली, दोन साक्षीदार फिरले, तिसऱ्यानं काही पाहिलंच नव्हतं. आबाजींनी तडजोड केली. मारणारा माणूस आजही त्याच रस्त्यानं दूध आणायला जातो. न्याय कसा मिळतो याचं कुलदीपचं शिक्षण तिथे पूर्ण झालं.

पुढे त्यानं डाय बनवायचा डिप्लोमा केला. पत्र्याला आकार द्यायचा असला की वर एक साचा, खाली एक साचा, मधे पत्रा, आणि वरून प्रेसचा दणका. त्या साच्याला डाय म्हणतात. भोसरीतल्या एका लहान कंपनीत तो पहिल्यांदा लागला. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, हात वाचावेत म्हणून. पण अशानं माल कमी निघतो. म्हणून त्या कंपनीत एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका हातानं बटण, एका हातानं पत्रा. दोन महिने चाललं. मग डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेलं.

तो ओरडला नाही, असं त्याचे सोबती सांगतात. हात वर धरून सुपरवायझरच्या केबिनपर्यंत चालत गेला आणि म्हणाला, "सर, डाय साफ करावा लागेल. माझी बोटं आत आहेत."

त्या बोटांचे जे पैसे मिळाले त्यातून त्यानं पहिलं नाणं घेतलं. पुण्यात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं, मित्राबरोबर सहज गेला होता. घरी आला आणि प्लॅस्टिकची एक गोल डबी माझ्यासमोर ठेवली. आत शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं, तांबूस सोन्याचं नाणं. त्यावर एक हरीण. दक्षिण आफ्रिकेतलं, लांब शिंगांचं, चालता चालता मान ताठ केलेलं.

मी म्हणाले, "बँकेत ठेवायचे ना रे. हे काय घेऊन आलास?"

"दोन बोटांचं काहीतरी डोळ्यांना दिसलं पाहिजे, आई."

मग डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं. "बघ. ह्याला पण प्रेसच लागते. वरून डाय, खालून डाय, मधे सोनं. एकच दणका, तोही शेकडो टनांचा. आणि पायाचे खूर बघ. केस बघ मानेवरचे. माझी बोटं गेली तो दणकाही तेवढाच होता. त्यात काहीच उमटलं नाही."

मी पाहिलं. खरंच केस दिसत होते.

नंतरच्या सहा वर्षांत आणखी सहा झाली. तोवर तो चाकणच्या मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये लागला होता. ओव्हरटाइम करायचा आणि वर्षाला एक नाणं घ्यायचा. ऑस्ट्रेलियाचे दोन कांगारू. चीनचे दोन पांडा, एक बांबू खाणारा, एक पिल्लाला कुशीत घेतलेला. आफ्रिकेतला एक हत्ती. शेवटचा लांडगा. तेच जनावर, पण दरवर्षी चित्र नवं, हे त्याला फार आवडायचं. रविवारी सकाळी शिफ्ट नसली तर पांढरे सुती हातमोजे घालून बसायचा. डाव्या मोज्याची दोन बोटं त्यानं आत शिवून घेतली होती. नाणं नेहमी कडेनं धरायचा, तोंडाला बोट लावायचा नाही. चोवीस कॅरेटचं सोनं मऊ असतं, नखानंही ओरखडा पडतो, म्हणायचा. मी इतकी वर्षं त्याचे हात कायम आवळलेले पाहिले होते. त्या वेळी ते उघडे असायचे.

त्याचे मित्र चेष्टा करायचे. "काय राव कुलदीपशेठ, लोक गळ्यात किलोकिलो घालून फिरतात, तू डबीत मांजरं पाळतोस."

"मांजर नाही एकपण," तो गंभीरपणे म्हणायचा.

एकदा मी लाटणं ठेवून पिठाच्या ओल्या हातानं पांडाची डबी उघडली आणि नाणं उचललं. त्यानं माझं मनगट धरलं. एवढंच. धरलं आणि सोडलं. पण त्या क्षणी त्याची पापणी हलत नव्हती. मनगटावर वळ उठले, तीन बोटांचे. त्यानं ते पाहिले आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या पायाशी बसून म्हणाला, "मी त्यांच्यासारखा नाहीये ना?" मी नाही म्हणाले. खरं उत्तर मला माहीत नव्हतं.

डबा माझ्या कपाटात असायचा, चावी माझ्या कमरेला.

गेल्या वर्षी रणजितचं लग्न ठरलं. आमच्या भावकीत रीत आहे की नवरी मांडवात उभी राहते तेव्हा तिच्या अंगावर साऱ्या घराण्याचं सोनं दिसलं पाहिजे. प्रत्येक घर आपलं काहीतरी देतं, कुणी गोठ, कुणी ठुशी. पूजा झाली की ज्याचं त्याला परत. लिहून कुणी ठेवत नाही. माझं सोनं कधीच संपलं होतं. काही नवऱ्यानं मोडलं, उरलेलं कुलदीपच्या हातावर उपचार करताना गेलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

थोरल्या जाऊबाई शालनबाई, म्हणजे रणजितची आई, कुलदीपची मोठी आई, दुपारी माझ्या सोप्यात येऊन बसल्या. लग्नाला चार दिवस होते.

"काढ बाई, काय हाय ते."

"माझं काही काढू नका ना ताई यंदा. पॉलिशला दिलंय."

"सगळंच पालिशला? व्हय गं, आमी काय दुधखुळ्या हाय?" त्यांनी पान तोंडात टाकलं. "लोकं इचारत्यात मला. धाकलीच्या अंगावर गुंजभर दिसत न्हाई, इकून खाल्लं का म्हून. मी म्हनते, न्हाई बाबा, शिकल्याली बाई हाय, लाकरात असंल. आता नवरीच्या गळ्यात तुझं कायच न्हाई दिसलं, तर मी काय तोंड दाखवू? का सरळ सांगू, इधवा बाईनं घर धुऊन खाल्लं म्हून?"

विधवा हा शब्द त्या नेहमी हळू आवाजात उच्चारायच्या, त्यामुळे तो जास्त लागायचा.

मी उठले, कपाट उघडलं, डबा आणला. सातही डब्या त्यांच्या ओटीत ठेवल्या. म्हणाले, "हे कुलदीपचं आहे. उघडायचं नाही, हात लावायचा नाही. तबकात नुसतं मांडून ठेवा, लोकांना दिसेल. लग्न लागलं की लगेच परत द्या. त्या दिवशी तो दिवसपाळीला आहे, त्याला कळायच्या आत."

शालनबाईंनी एक डबी उजेडात धरली. "अगं बया. पुतळ्याच की. वर द्येव न्हाई, जनावर हाय. चालतंय की."

पुतळी म्हणजे आमच्याकडे गळ्यात घालायचं सोन्याचं नाणं. कुठल्याही जुन्या घरात पुतळ्यांची माळ असते. त्यांच्या लेखी सोन्याचं नाणं तबकात ठेवणं म्हणजे पैठणी घडी घालून नुसती दाखवणं. मी त्या घरात तीस वर्षं राहिले. मला हे उमगायला हवं होतं. मी डब्यांचा विचार करत राहिले, आणि त्यांनी माळेचा केला.

लग्न मोशीच्या कार्यालयात होतं. कुलदीप दिवसपाळी करून थेट आला, दुपारी चारच्या सुमाराला, कंपनीच्या शर्टातच. आधी मला शोधून नमस्कार केला. मग नवरा-नवरीला आहेर द्यायला स्टेजवर चढला. मी खालून पाहत होते. अपेक्षाच्या गळ्यात लाल गोंडे लावलेली माळ होती. सात जनावरं. प्रत्येक नाण्याच्या डोक्यावर कडी झाळून जोडलेली. आचेनं त्या जागी सोनं काळपटलं होतं, म्हणून सोनारानं घासून पॉलिश केलं होतं. हरणाच्या मानेवरचे केस गेले होते. पिल्लाला कुशीत घेतलेल्या पांडाच्या कपाळातच कडी बसली होती.

कुलदीप वाकून बघत राहिला. रणजितला वाटलं, कौतुकानं बघतोय. त्यानं याच्या खांद्यावर हात टाकला.

"काय भावा, शोभतंय ना प्राणिसंग्रहालय? तुझ्या वहिनीला म्हटलं, आता पिंजरा तेवढा करायचा राहिलाय."

कुलदीपनं त्याचा हात बाजूला केला आणि स्टेजवरूनच मला विचारलं, "आई, चावी कुठेय?"

सगळ्या कार्यालयानं माझ्याकडे पाहिलं. शालनबाई शेजारीच होत्या. त्या हसत म्हणाल्या, "अरं, चावी कशाला? तुझ्या आईनंच दिल्यात की. स्वताच्या हातानं वटीत घातल्या माझ्या."

कुलदीप स्टेजवरून उतरला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पापणी हलत नव्हती. मला त्याच्या जागी त्याचे वडील दिसले.

"तू दिलीस?"

"नाही," मी म्हणाले. "मी नाही दिली. मला माहीत नाही."

 शालनबाई ओरडत होत्या, "खोटं बोलती, अरं ती खोटं बोलती," पण तेव्हा त्यांचं कोण ऐकणार? कुलदीपनं आयुष्यात माझा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

तो परत स्टेजवर गेला. नवरीच्या गळ्यातली माळ धरली आणि ओढली. माळ तारेत ओवलेली होती. तार तुटायच्या आधी मानेत रुतली. अपेक्षा खुर्चीसकट पुढे पडली. मानेवर लाल रेघ उठली आणि रेघेतून रक्त शालूवर ओघळलं. त्या मुलीचा काय दोष होता? रणजितनं कुलदीपच्या तोंडावर बुक्की मारली. दोघे फुलांच्या कमानीवर कोसळले. कमान मोडली, तिचा लोखंडी पाइप कुलदीपच्या हातात आला. त्यानं एकदाच फिरवला. वाळलेलं लाकूड मोडताना होतो तसा आवाज झाला, आणि रणजित तोंडाला दोन्ही हात लावून खाली बसला. बोटांच्या फटीतून दात पडले.

मग रणजितची पोरं आली. दहा-बारा होती. खुर्च्यांनी मारलं, लाथांनी मारलं. एकानं जेवणाच्या पंगतीतून मोठा डाव आणला, भाताची शितं लागलेली, आणि त्या डावानं कुलदीपच्या पाठीवर मारत राहिला. कुलदीप पोटाशी हात घेऊन पडला होता. मुठीत माळेचा तुकडा होता. एकानं डाव्या हातावर बूट ठेवला, म्हणाला, "तीन शिल्लक हायत की अजून," आणि टाचेवर सगळं वजन दिलं. बँडवाल्यांना कुणी थांबा म्हणालं नव्हतं, ते वाजवत राहिले.

मी जागेवरून हलले नाही. ते मला लिहायलाच हवं.

चौकीत दोन्हीकडून तक्रारी झाल्या. साहेबांनी मला विचारलं, कपाट फोडलेलं नाही, मग नाणी गेली कशी? मी सांगितलं, माझी चावी कुठे असते ते जाऊबाईंना ठाऊक होतं. खाली सही केली. सुशिक्षित बाईची सही, इंग्रजीत.

सातांपैकी चार नाणी परत मिळाली. हॉस्पिटलमधून आल्यावर कुलदीपनं ती भिंगाखाली पाहिली. कानस घेऊन एका नाण्यावरची कडी काढायचा प्रयत्न केला, थांबला. म्हणाला, "हे नाणं नाही आता." मग स्वयंपाकघरात गेला. पाट्यावर हरीण ठेवलं आणि हातोडा घेतला. मी दाराशी उभी होते. बरगड्यांना पट्टा बांधलेला, प्रत्येक घावाला तो कण्हत होता, पण थांबला नाही. हरीण, कांगारू, हत्ती, लांडगा. चौघांचे पत्रे झाले. पाटा मधोमध तडकला. नंतर त्यानं ते पत्रे माझ्या हातात दिले. "दे मोठ्या आईला. म्हणावं, आता वितळवा."

आम्ही दिघी सोडून पिंपळे सौदागरला भाड्यानं आलो. पण अंतर पडून काही झालं नाही. गणपतीच्या आधी चाकण चौकाजवळ कंपनीची बस पकडताना चौघांनी त्याला गाठलं. तोंडाला रुमाल बांधलेले, हातात गज. डोक्याला अकरा टाके पडले. पोलिसांनी विचारलं, कोण होते? तो म्हणाला, ओळखलं नाही. मला घरी आल्यावर सांगितलं, एकाच्या मनगटावर रणजितचं कडं होतं. सांगताना आवाज चढला नाही. तेव्हापासून तो चढतच नाही. जेवतो, कामाला जातो, डब्यातल्या भाजीला चांगली झाली म्हणतो. आणि चार दिवस बाल्कनीत दगडावर पट्टी घासतो.

पोलिसांना फोन करायचा विचार मी अकरा वाजल्यापासून करते आहे. नंबर लावला तर गाडी कंपनीत जाईल, सॅक उघडतील. त्याची नोकरी जाईल, तो आत जाईल. पण किती दिवस? बाहेर येईल तेव्हा रणजित तिथेच असेल आणि त्याच्या डोक्यात चोरी तशीच असेल. शालनबाईंना फोन केला तर त्या रणजितला सांगतील. मग दहा पोरं सकाळी आळंदी रस्त्यावर उभी राहतील, आणि पट्टी कुणाच्या पोटात जाईल एवढाच प्रश्न उरेल. अपेक्षा सात महिन्यांची गरोदर आहे. उद्या तिला फुलांनी सजवून पाटावर बसवतील. तिची मान मी त्या दिवसानंतर पाहिलेली नाही.

कुलदीपला वाटतं, त्याच्या घरात चोर शिरले. त्याला वाटतं, मोठ्या आईनं भर मांडवात त्याच्या आईला खोटं पाडलं. आईसाठी त्यानं जबडा मोडला, आईसाठी मार खाल्ला, आईसाठी कोर्टाच्या तारखा घेतल्या. यामागचं काहीही खरं नाही. हे फक्त मला माहीत आहे आणि शालनबाईंना. त्यांचं तो ऐकणार नाही.

त्याला कळलं तर तो उद्या दिघीला जाणार नाही. जायला कारणच उरणार नाही. इथे येईल.

त्याची पापणी हलायची थांबेल, हे मला दिसतं आहे. त्याचे वडील बूट काढायच्याही आधी मारायचे. कदाचित कुलदीप बूट काढेल, समोर बसेल आणि मग निघून जाईल कायमचा. दोन्हींपैकी मला कशाची जास्त भीती वाटते ते मी गेले तीन तास ठरवते आहे. ठरत नाही. पण ह्या दोन्ही गोष्टी होतील त्या माझ्या घरात, माझ्या अंगावर. जिचा काही संबंध नाही तिच्या पाटासमोर नाही.

टूलरूममध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करतात. म्हणून गेटलाच फोन करावा लागेल. नंबर बसच्या पासवर छापलेला असतो. त्याचा जुना पास ह्याच वहीत खुणेला ठेवलेला सापडला. गेटवरचा माणूस आधी विचारेल, घरी काही झालंय का. हो म्हणायचं. मग तो कुणाला तरी टूलरूमला पाठवेल. तिथून गेटपर्यंत चालत यायला सात-आठ मिनिटं लागतात, असं कुलदीपच एकदा म्हणाला होता. तेवढा वेळ फोन कानाला लावून थांबायचं, ठेवायचा नाही. तो हॅलो म्हणाला की जेवलास का विचारायचं नाही. पहिलं वाक्य हेच: मी दिली होती.

तीनला त्यांची चहाची सुट्टी होते. आता तीनला दहा कमी आहेत. मी फोन लावते आहे.